मनगटी घड्याळातील ताणाचा आकडा

म्हापशाच्या एका दुकानातून घेतलेल्या, साधारण चार हजार रुपयांच्या या स्मार्ट घड्याळाची जाहिरात ‘तुमचा ताण मोजणारे घड्याळ’ अशी केली जाते. पावले, झोप आणि नाडी यांची नोंद ते समाधानकारक ठेवते, त्यामुळे त्यांबद्दल अधिक लिहीत नाही. शून्य ते शंभर या मापात दाखवला जाणारा ताणाचा आकडा मात्र नीट समजून घेतल्याशिवाय कोणी मनावर घेऊ नये, असे माझे मत झाले आहे.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो आणि त्यावरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर काढले जाते. निवांत बसलेल्या निरोगी माणसाचे ठोकेही तंतोतंत सारख्या अंतराने पडत नाहीत. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या आणि ठोके संथ ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या नियंत्रणामुळे ते श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होतात. धोका जाणवला की शरीराला लढण्या-पळण्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था सक्रिय होते, अॅड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते आणि ठोक्यांमधील हा फरक कमी होतो. तो कमी झाला की घड्याळ आकडा चढवते. इथवर शास्त्र पक्के आहे.

चतुर्थीला आमच्या वाड्यावर घुमट या गोव्यातील मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्या ऐन रंगात आल्या असताना, साथीच्या शामेळ या वाद्याचा जोर वाढलेला आणि सगळे घामाघूम झालेले असताना, घड्याळाने नव्वदीपार आकडा दाखवून मला विश्रांती घेण्याची सूचना केली. घुमटावर पडणाऱ्या हाताच्या हालचालीने प्रकाशाची नोंद बिघडते आणि दमट उकाड्यात नाडी तशीही वाढते, हे खरेच; पण शरीराची उत्तेजना आनंदाची आहे की भीतीची, हे मनगटावरून कळत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. उलट वडिलांच्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहत बाकावर बसलो होतो, तेव्हा आकडा तिशीच्या आत आणि हिरव्या रंगात होता. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार एखादी घटना आपल्यासाठी किती धोक्याची आहे आणि तिला तोंड देण्याचे बळ आपल्यापाशी आहे का, या दोन अंदाजांतून ताण ठरतो. यांपैकी एकही अंदाज घड्याळापर्यंत पोहोचत नाही.

सोबतच्या पुस्तिकेत ताणाच्या वेळी वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे चित्र आहे आणि ते पाहून घड्याळ हे संप्रेरकही मोजते असा समज होतो, हे मला आक्षेपार्ह वाटते. त्यासाठी रक्त, लाळ किंवा लघवी तपासावी लागते, आणि सकाळी जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल निरोगी माणसातही वाढतेच. शिवाय ताणाची हानी क्षणाच्या आकड्यात दिसत नाही. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांना १९३६ मध्ये उंदरांत आढळलेली, मूत्रपिंडावरची सुजलेली अधिवृक्क ग्रंथी किंवा जठरातील व्रण हे ताण टिकून राहिल्याचे परिणाम होते. रक्तदाब आणि प्रतिकारशक्ती यांवरचा भारही असाच साचत जातो. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांच्या १९९१ च्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले गेले आणि अधिक ताण असलेल्यांना संसर्ग होण्याचे प्रमाण जास्त निघाले. तो ताण प्रश्नावलीने, म्हणजे माणसांना विचारूनच, मोजला होता. घड्याळाच्या अॅपमध्ये असे पाच साधे प्रश्न घालणे काही कठीण नव्हते.

श्वसनाच्या सरावाची सोय मात्र खरोखर उपयोगी आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीने मनगटावर हलकी थरथर होते, आणि त्या गतीला ठोक्यांमधील फरक वाढतो हे पुढच्याच नोंदीत दिसते. रात्री झोपण्यापूर्वी मी हा सराव नियमाने करतो. ताणाच्या सूचना मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्या; आकडा लाल झाला म्हणून धास्तावणाऱ्या स्वभावाच्या माणसाने तर त्या पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. अॅपमध्ये मराठी नाही. रबरी पट्ट्याखाली पावसाळ्यात घाम साचून कातडीला खाज सुटते, तेव्हा घेताना कापडी पट्टा वेगळा मागून घ्यावा. पाचपैकी तीन तारे.