हातातला ब्रिक्स मीटर: मोजतो बरोबर, फसवतो नमुना

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, ढोबळमानाने टक्के. ते मोजायचा, डोळ्याला लावून बघायचा 0 ते 32 ब्रिक्सचा साधा मीटर (रिफ्रॅक्टोमीटर) हजार-दीड हजाराला मिळतो आणि द्राक्षासाठी तो पुरतो. एक बारीक रेघ म्हणजे 0.2 ब्रिक्स. घेताना 'एटीसी' (तापमानाचा फरक आपोआप भरून काढायची सोय) लिहिलेलाच घ्या. ती सोय नसली तर 30 अंश तापमानाला आकडा पाऊण ब्रिक्सने कमी दिसतो. एटीसीही साधारण 10 ते 30 अंशांतच चालते, तेव्हा फेब्रुवारीच्या भर दुपारी उन्हात मोजत बसू नये. मोजण्याआधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाकायचे, स्क्रू फिरवून रेघ शून्यावर आणायची, झालं.

निफाड-दिंडोरीकडे या मीटरबद्दल ठरलेली तक्रार असते: घरी 18 दाखवतो, व्यापारी आला की 15 निघतं. मीटर बिचारा बरोबर असतो. मणी तोडणारा हात उन्हाच्या बाजूच्या घडाकडे, त्यातही खांद्याच्या, म्हणजे घडाच्या देठाकडच्या, पिवळसर मण्याकडेच जातो. खांद्याला साखर आधी भरते, शेंड्याला (घडाच्या खालच्या टोकाला) मागून. एकाच घडात दोन ब्रिक्सचाही फरक पडू शकतो. आणि एका घडाचे वीस मणी मोजले तरी कळतं ते त्या एका घडाचंच; वीस वेलींचा एकेक मणी त्याहून कितीतरी बरा.

कडेच्या ओळी सोडा. दव वाळल्यावर, ठरावीक वेली टाकत ओळींच्या दोन्ही बाजूंनी मिळून शंभरेक मणी घ्या, पाळीपाळीने खांदा, मध्य, शेंडा. मुरमाड आणि काळ्या जमिनीचा नमुना वेगळा ठेवा, एकत्र केला तर आलेला आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो. मणी पिशवीत चेचून, रस गाळून मोजला की सरासरी मिळते.

पण सरासरी 17 आली म्हणून प्रत्येक घड 17 नसतो, आणि व्यापारी शेंड्याचाच मणी तोंडात टाकतो. म्हणून शेंड्याचे दहा-पंधरा मणी एकेक करून बघाच. दहा गोड घडांवरून प्लॉट तयार म्हणता येत नाही. दोन-तीन शेंडे आंबट निघाले तर मात्र तोडणी थांबवायला तेवढं पुरे.

डिजिटल मीटरला जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. साध्या मीटरची खरी उणीव झाकणाचा प्लास्टिकचा बिजागर, तो लवकर तुटतो. नळाखाली धुतला तर आत पाणी शिरून रेघ धूसर होते. ओल्या मऊ फडक्याने पुसावा.