सेल्फ गेलाय म्हणाला, गेली होती अर्थिंगची पट्टी

जुनं मोटरहोम घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, बारीकसारीक दुरुस्ती आपली आपण करायची. तरी फसलो. गाडी ऐन निघायच्या वेळी अडली आणि मला घाई होती, एवढंच कारण.

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. इंजिन हलायचं नाही. पाच-सहा वेळा प्रयत्न केला की एखाद्या वेळी सुरू व्हायचं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, मीटर हातात धरलासुद्धा नाही आणि निकाल दिला, "सेल्फ गेलाय साहेब. त्याने बॅटऱ्याही खाल्ल्यात. तिन्ही बदलू."

सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर. तिन्ही बॅटऱ्या म्हणजे इंजिनची एक आणि मागच्या राहत्या भागातल्या दोन. इथेच मी कान टवकारायला हवे होते. मागच्या बॅटऱ्यांवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. सेल्फ मारायला त्या लागतच नाहीत. आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. 'टक्' होताना हेडलाइट जराही मंद होत नव्हते. बॅटरी उतरलेली असती तर सेल्फ मारताच ते विझत आल्यासारखे दिसले असते. हे सगळं मला माहीत होतं, पण समोरचा इतक्या ठामपणे बोलत होता की मी मान डोलावली. जुने भाग मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच 'टक्'.

या वेळी मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली, बायकोला किल्ली फिरवायला सांगितली. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. माझा मीटर साडेतीनच्या वर गेला. बॅटरीची ताकद वाटेतच मरत होती! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, तीच अर्थिंगची पट्टी. ती हिरवी पडली होती आणि बोल्टाखाली गंज होता. सेल्फ 200 अँपिअर ओढत असेल, तर 0.02 ओहमचा अडथळाही 4 व्होल्ट गिळतो. बॅटरीकडे परतायची ही वाट बंद झाल्याने करंट दुसरीकडून पळत होता. अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर ती चक्क गरम! गॅरेजमध्ये सेल्फ काढता-घालताना ती पट्टी जराशी हलली असणार, म्हणून तीन आठवडे निभावलं.

पॉलिश पेपरने दोन्ही टोकं घासली, नवी पट्टी आवळली. पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू.

मग गाडीखाली शिरलोच होतो म्हणून 'नवा' सेल्फ नीट पाहिला. काळा रंग चकचकीत, पण बोल्टच्या कडेला रंगाखाली ऑइलचा जुना वाळका थर. नखाने खरवडला, तर आत मीच पूर्वी पाना निसटून पाडलेला ओरखडा.

फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. "आमच्या पोऱ्याची चूक" म्हणत त्याने सेल्फचे पैसे परत केले. बॅटऱ्यांचे दिले नाहीत. मागच्या भागातल्या माझ्या जुन्या दोन्ही चांगल्या बॅटऱ्या मात्र तिथेच कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या होत्या.