युनिव्हर्सिटीची नवी लायब्ररी, पाच महिने रोज वापरून

आमच्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी रिनोव्हेशननंतर उघडली त्याला पाच महिने झाले. पीएचडीचं लिखाण चालू आहे त्यामुळे मी जवळपास रोज तिथे बसतो, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सगळ्यात आधी प्लग पॉइंट! पूर्वी अख्ख्या रीडिंग हॉलमध्ये भिंतीलगत मोजून सहा होते आणि त्यासाठी दार उघडायच्या आधीपासून पोरं उभी असायची, आता प्रत्येक टेबलाला आहेत. वरचा मजला एकदम शांत, खूप छान. ग्रुपसाठी काचेच्या खोल्या केल्यात पण काच छतापर्यंत नेलेलीच नाही, वर हातभर फट आहे, त्यामुळे आत कुणी व्हायव्हाची तयारी करत असेल तर बाहेर शब्दन् शब्द ऐकू येतो. हे दुरुस्त करायलाच हवं.

इश्यू-रिटर्न आता आरएफआयडीवर आहे, म्हणजे पुस्तकात चिकटवलेला टॅग रेडिओ लहरींनी वाचला जातो. बारकोडला एकेक पुस्तक धरावं लागायचं, इथे चार-पाचांचा गठ्ठा पॅडवर ठेवला की सगळी एकदम वाचली जातात. फक्त पातळ पुस्तकं असतील तर टॅग एकमेकांना फार चिकटतात आणि एखादं सुटतं, स्क्रीनवरचा आकडा बघूनच निघा. माझं एक सुटलं आणि गेटवर अलार्म वाजला.

आता खरं दुखणं. बसायला जागा करायची म्हणून निम्मे रॅक तळघरात नेले आणि तिथे आपल्याला जाता येत नाही. ड्यूई नंबरने (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाने) लावलेल्या रॅकची गंमतच ही असते की एका विषयाची पुस्तकं शेजारीशेजारी येतात, माझ्या दुसऱ्या चॅप्टरचा मुख्य संदर्भ मला दुसरंच पुस्तक शोधताना बाजूला सापडला होता. ते गेल्याचं खूप वाईट वाटलं. मग काउंटरवरच्या मॅडमनी दाखवलं की नवीन कॅटलॉग कोहाचा आहे (लायब्ररीसाठीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमध्ये बनलेलं, 2000 सालापासून वापरात) आणि त्यात पुस्तकाच्या नंबरापाशी 'ब्राउझ शेल्फ' अशी लिंक असते, ती दाबली की डावी-उजवीकडची पुस्तकं ओळीने दिसतात. पानं चाळता येत नाहीत, पण शेजार तरी कळतो. ही लिंक बहुतेकांना माहीतच नाही, दारातच बोर्ड लावा ना!

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल फर्निचरमध्ये नाहीच, रिमोट ॲक्सेसमध्ये आहे. आधी जर्नल्स फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवर उघडायची कारण प्रकाशक आयपी ॲड्रेस बघून आत घेतो, आता घरून लॉगिन केलं की प्रॉक्सी नावाचा मधला सर्व्हर आपली रिक्वेस्ट युनिव्हर्सिटीच्या आयपीवरून पाठवतो आणि रात्री बारा वाजताही पेपर उघडतो. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तर ही सोय फारच मोठी आहे.

रिपॉझिटरी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या थिसिस वगैरेंचा ऑनलाइन साठा, डीस्पेस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर आहे, ते चांगलंच, पण जुन्या थिसिस नुसत्या फोटोसारख्या स्कॅन करून टाकल्यात, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) केलेलंच नाही. म्हणजे शीर्षक आणि नाव सोडून आतलं काहीच सर्चमध्ये येत नाही. एवढी मेहनत घेऊन स्कॅन केलं आणि शेवटची पायरीच राहिली, ती आता तरी करा.

ई-बुक्सचं एक सांगतो. बऱ्याच पुस्तकांचं लायसन्स एका वेळी एकालाच वाचता येईल असं असतं, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात 'सध्या उपलब्ध नाही' असंच येत राहतं. लोक तो मेसेज बघून पुन्हा फिरकत नाहीत. तसं करू नका, असे नकार प्रकाशकाकडून लायब्ररीला मिळणाऱ्या COUNTER रिपोर्टमध्ये (ई-साहित्याच्या वापराची ठरावीक पद्धतीची आकडेवारी) मोजले जातात आणि कुठलं लायसन्स वाढवायचं ते ठरवताना ते आकडे बघतात, म्हणून पुस्तक हवं असेल तर परत क्लिक करून बघा आणि लायब्ररीच्या काउंटरवर जाऊन नावानिशी मागणी पण नोंदवा. आमच्या डिपार्टमेंटच्या एका पुस्तकाचं तसं केलं, ते आता एका वेळी तिघांना उघडतं.