दादाच्या दारूचे उपचार: एक खासगी केंद्र, एक जिल्हा रुग्णालय आणि दोन्हींचा हिशेब

गेल्या चार वर्षांत माझ्या थोरल्या भावाच्या दारूच्या व्यसनावर आम्ही दोन ठिकाणी उपचार घेतले. पहिले ठिकाण खासगी निवासी केंद्र होते आणि दुसरे आमच्या जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लेखनिक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चात असल्यामुळे घरच्या या खर्चाचीही वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. तिच्या आधारानेच हे परीक्षण लिहीत आहे. दोन्ही ठिकाणांची नावे मी देत नाही, कारण पहिल्यासारखी केंद्रे गावोगावी आहेत आणि दुसऱ्यासारखे रुग्णालय बहुतेक जिल्ह्यांत आहे. वाचणाऱ्याला उपयोग व्हायचा तो नावापेक्षा तपशिलाचा.

केंद्रापर्यंत पोहोचण्याआधी आम्हीही तेच केले जे बहुतेक घरांत होते. आईने दादाला पंढरपूरला नेऊन माळ घातली. ती त्याने एक महिना आणि चार दिवस पाळली. मग कोणीतरी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली: पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळायचे थेंब, तीन बाटल्यांचे ४,२०० रुपये. वहिनीने ते मागवलेही होते, पण औषधांच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाने बाटलीवर घटकच छापलेले नाहीत हे दाखवून ती देऊ दिली नाही. त्याचे उपकार मोठे आहेत. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरम हे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या आणि रक्तदाब एकदम उतरणे असे सगळे होऊ शकते. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला समजावून आणि त्याच्या संमतीनेच सुरू करतात. नकळत मिसळलेल्या थेंबांत काय असेल हे कोणालाच माहीत नसते.

खासगी केंद्राचे पत्रक एसटी स्टँडवर मिळाले. फोन केल्यावर पलीकडच्या माणसाने दादा किती वर्षे पितो, त्याला कधी फिट आली होती का, यातले काहीही विचारले नाही. त्याने पत्ता विचारला आणि महिन्याचे पंधरा हजार सांगून “गाडी पाठवतो” म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चार माणसे आली आणि पडवीत झोपलेल्या दादाला हातापायाला धरून घेऊन गेली. त्याची एक चप्पल अंगणात राहिली होती. ती आईने उचलून आत ठेवली आणि त्या दिवशी आमच्या घरात कोणी एकमेकांशी धड बोलले नाही. आपण माणसाच्या भल्यासाठी करतो आहोत, अशी स्वतःची समजूत घालून मी तेव्हा संमतीचा कागद भरला होता. तो भरायला नको होता, हे मला आज स्पष्टपणे लिहायचे आहे.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्णाची तयारी नसताना त्याला दाखल करायचे, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या व्यक्तीने, अर्ज करावा लागतो आणि दोन तज्ज्ञांनी, ज्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे, त्याला स्वतंत्रपणे तपासून तशी गरज असल्याचे नोंदवावे लागते. असा प्रवेशही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांचा असतो. रुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. पहाटेची गाडी आणि चार माणसे यांना या कायद्यात कुठेही जागा नाही.

दादा तिथे ४१ दिवस होता. पहिले पंधरा दिवस फोन आणि भेट बंद होती. दुसऱ्याच रात्री त्याला फिट आली आणि शेजारच्या दोन रुग्णांनी त्याला कुशीवर धरून ठेवले, हे आम्हाला तो घरी आल्यावर कळले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली, की पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याची आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम, घाम, ताप, नसलेली माणसे दिसणे अशी अवस्था येण्याची शक्यता असते. उपचाराविना ती जिवावर बेतू शकते. म्हणजे ज्या दिवसांत डॉक्टर सर्वांत जास्त हवा, त्याच दिवसांत तिथे तो नव्हता.

बिल असे होते: दोन महिन्यांचे ३०,०००, प्रवेश शुल्क ३,०००, गाडी ४,५००, औषधे ६,२००, तपासण्या २,८००, एकूण ४६,५००. दुसऱ्या महिन्यातले अकराच दिवस भरले होते, तरी पैसे पूर्ण महिन्याचे. औषधांच्या रकमेपुढे ना औषधाचे नाव, ना डॉक्टरची सही. मी पावती मागितली तेव्हा कोऱ्या कागदावर रबरी शिक्का मारून दिला. घरी आल्यापासून तेविसाव्या दिवशी, चुलत बहिणीच्या हळदीत, दादा पुन्हा प्यायला. केंद्राला कळवल्यावर पुन्हा दाखल केल्यास दोन हजारांची सवलत मिळेल, एवढेच उत्तर आले. समुपदेशकाशी बोलणे, तपासणीची तारीख, पुढचे औषध, यांतले काही आमच्या ४६,५०० रुपयांत नव्हतेच.

विम्याविषयीही लिहिते, ते अनेकांच्या कामी येईल. आमची कौटुंबिक पॉलिसी होती आणि २०१७ च्या याच कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे स्पष्ट कलम आहे, म्हणून मी आशेने दावा केला. तो नाकारला गेला. आरोग्य विम्यातून काय वगळता येते याची जी प्रमाणित यादी विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिली आहे, तिच्यात बाराव्या क्रमांकाला दारू, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन यांवरचे उपचार आणि त्यांचे परिणाम असे कलम आहे आणि बहुतेक पॉलिशींत ते जसेच्या तसे येते. ज्या आजाराला कायदा आजार म्हणतो त्याचाच खर्च विमा वगळतो, ही विसंगती मला फार अन्यायाची वाटते. ती दूर होईपर्यंत कोणीही विम्याच्या भरवशावर केंद्राशी महिन्यांचा करार करू नये.

दुसऱ्या वेळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, दादा स्वतःच म्हणाला, “ताई, हात थांबत नाहीत गं, काहीतरी कर.” मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, पण पिणे वाढल्यापासून तो मला ताईच म्हणतो. मी १४४४६ या केंद्र सरकारच्या नशामुक्तीच्या निःशुल्क क्रमांकावर फोन केला. या वेळी पहिला प्रश्न आला तो शेवटचा घोट कधी घेतला हा. आधी फिट आली होती असे सांगताच त्यांनी घरी दारू तोडण्याचा प्रयत्न करू नका, थेट जिल्हा रुग्णालयात न्या, असे बजावले. मानसिक त्रासासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही त्यांनीच दिला. वहिनीने पुढे तो स्वतःसाठी दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा पलीकडचा माणूस मराठीत, घाई न करता बोलला.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत, त्यामुळे केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. मनोविकार विभागातल्या डॉक्टरांनी दादाला नऊ दिवस ठेवून घेतले. रोज कमी करत नेण्याच्या गोळ्या, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने, यकृताची तपासणी आणि दर चार तासांनी नाडी व रक्तदाब, हे सगळे केसपेपरवर वेळेसह लिहिलेले मी पाहिले. पहिल्या सकाळी दादाला चहाचा कप उचलता येईना. कप ओठांपर्यंत येईस्तोवर अर्धा चहा चादरीवर सांडला होता. सिस्टरनी काही न बोलता चहा बशीत ओतला, बशी स्टुलावर ठेवली आणि स्टूल त्याच्या छातीच्या उंचीला येईल असे पलंगाला लावले. “वाकून प्या, घाई नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. सहाव्या दिवशी त्याने कप दोन्ही हातांनी धरून प्यायला. मी त्या दिवशी वहीत खर्च लिहिला नाही, हे लिहिले.

उणिवा होत्या आणि त्या लहान नाहीत. व्यसनाच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष नव्हता. सोबतीला घरचे माणूस चोवीस तास हवेच, असा आग्रह होता. त्यामुळे वहिनी आणि मी आलटून पालटून रजा घेतल्या. दोन दिवस एक गोळी साठ्यात नव्हती, ती बाहेरून आणावी लागली. समुपदेशक एकच होते आणि त्यांच्या खोलीबाहेर रांग असे, म्हणून एका वेळी दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त मिळत नसत. तरीही त्या दहा मिनिटांत त्यांनी वहिनीला जे विचारले, म्हणजे पगार कोणाच्या हाती येतो, मुलाला शाळेतून कोण आणते, घरात बाटली कुठे लपवली जाते, ते ४१ दिवसांत कोणी विचारले नव्हते. नऊ दिवसांचा आमचा खर्च २,९०० रुपये झाला. त्यात रिक्षा, सोबतीचे जेवण आणि ती बाहेरची गोळी आली.

निवासी उपचार मुळात वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि पस्तीस दिवसांचा उपचार, घरच्यांचे समुपदेशन, नंतरचा पाठपुरावा यांची जी रीत तिथे घडली, तीच मी आता कोणत्याही केंद्राला लावायची मोजपट्टी मानते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रेही आहेत. जवळचे कोणते, हे १४४४६ वर सांगतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या असतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायला संकोच करू नये. गल्लीतल्या एका मुलाच्या बाबतीत घरचे पोलिसांच्या भीतीने गप्प बसले होते. त्यांना मी सांगितले तेच इथे सांगते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४ अ कलमानुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस शासकीय किंवा शासनमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

खासगी केंद्रात पाऊल ठेवण्याआधी मी आज नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागेन, रात्री डॉक्टर कोण असतो त्याचे नाव विचारेन, भेटीच्या दिवशी रुग्णाशी एकांतात बोलू देतात का ते पाहीन आणि औषधे-तपासण्यांसह एकूण रक्कम आधी लिहून घेईन. यांतल्या एकाही गोष्टीला टाळाटाळ झाली तर परत फिरेन.

रुग्णालयातून सुटल्यावर दादाला टिकवले ते अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या मीटिंगने. भारतात ही संघटना १९५७ पासून आहे. आमच्याकडे मीटिंग नगरपालिकेच्या शाळेच्या वर्गात संध्याकाळी साडेसातला भरते. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावे. पहिल्या मीटिंगला दादा लहान मुलांच्या बाकावर गुडघे वर काढून बसला आणि दीड तास काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःचे नाव सांगितले. गेल्या वर्षी गणपतीत तो एकदा घसरला, तेव्हा त्याच रात्री त्याच्या स्पॉन्सरने, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या संघटनेतल्या जुन्या सदस्याने, घरी येऊन त्याला सकाळपर्यंत सोबत केली आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत नेले. वहिनी पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या ॲल-ॲनॉनच्या बैठकीला जाते. तिथून आल्यापासून तिने दादाचे खिसे तपासणे सोडले आहे.

व्यसनांविषयीच्या देशव्यापी सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल सांगतो, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो. आमच्या रुग्णालयासारख्या जागा अधिक चांगल्या चालल्या तर हा आकडा बदलू शकेल, म्हणून एक मागणी नोंदवते. व्यसनमुक्तीची ओपीडी आठवड्यातून एकाच दिवशी, मंगळवारी सकाळी नऊ ते बारा असते. दादा गॅरेजमध्ये सहाशे रुपये रोजावर आहे. एसटीचे भाडे आणि कधीमधी बाहेरची गोळी मिळून महिन्याला सातशे रुपये होतात, पण पंधरा दिवसांनी एक रोज बुडतो तो त्यात धरलेला नाही. याच कारणाने त्याच्या बरोबरचे दोघे तिसऱ्या महिन्यानंतर यायचे थांबले. महिन्यातून दोन वेळा तरी ही ओपीडी संध्याकाळी ठेवावी, असा अर्ज आम्ही आठ कुटुंबांनी सह्या करून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात दिला आहे आणि त्याची आवक नोंद झालेली प्रत माझ्याकडे आहे.