एचएमई फिल्टर की गरम पाण्याचा ह्युमिडिफायर?

व्हेंटिलेटरची कोरडी हवा गरम आणि ओलसर करायचे हे दोन मार्ग: एचएमई म्हणजे रुग्णाच्याच उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा धरून पुढच्या श्वासाला परत देणारा छोटा फिल्टर, आणि ह्युमिडिफायर म्हणजे गरम पाण्यावरून हवा नेणारं यंत्र. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून दोघांतलं काय घ्यावं, असं विचाराल तर अभ्यासांमध्ये ठळक फरक दिसत नाही. मग निवड करायची ती बेडशेजारी काय बिघडतं, ते बघूनच.

हवा भिजवण्यात ह्युमिडिफायर सरस, यात वाद नाही. त्रास आहे तो पाण्याचा. सर्किटला, म्हणजे व्हेंटिलेटर ते रुग्ण या नळ्यांना, हीटर वायर नसेल, तर ह्युमिडिफायरच्या पाण्याच्या चेंबरमधून निघालेल्या गरम वाफेचं एसीच्या गारव्यात नळीतच पाणी होतं. रुग्णाकडचे जंतू या पाण्यात काही तासांत वाढतात. दर दोन तासांनी कूस बदलताना नळी जरा वर उचलली गेली की तेच पाणी सरळ रुग्णाच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबमध्ये. म्हणून वॉटर ट्रॅप (नळीतलं पाणी गोळा करणारी वाटी) सगळ्यात खाली हवा आणि कूस बदलण्याआधी पाणी रुग्णापासून दूर काढून टाकायला हवं. चेंबरमध्ये परत ओतायचं नाही. व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा फ्लोचा (हवेच्या प्रवाहाचा) आलेख करवतीसारखा दिसू लागला, तर नळीत पाणी साचलंय असं समजा. रात्रपाळीत एका सिस्टरकडे तीन बेड असले की नेमकं हेच राहून जातं. माझं मत एचएमईकडे झुकतं ते एवढ्यासाठीच.

एचएमईला वीज नको, पाणी नको. ४८ तासांच्या आत उगाच बदलायचा नाही. मात्र कफाने माखला तर लगेच बदलायचा. तो ट्यूबपेक्षा उंच ठेवा, म्हणजे कफ त्यात उतरत नाही. नेब्युलायझर देताना काढायचा आणि नंतर आठवणीने परत लावायचा. ह्युमिडिफायर चालू असताना तर तो लावायचाच नाही, भिजून चोंदतो.

शाहूवाडी, गगनबावड्याकडून मण्यार चावलेला रुग्ण येतो, तेव्हा फुप्फुसं बहुधा स्वच्छ असतात आणि व्हेंटिलेटर थोडे दिवस लागतो. तिथे एचएमई उत्तम. कीटकनाशकाच्या विषबाधेत स्राव इतका असतो की फिल्टर टिकत नाही. रक्ताळ कफ, ३२ अंशांखालचं शरीराचं तापमान, एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना गंभीर सूज) किलोमागे ६ मिली टायडल व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाला दिलेली हवा (फिल्टरच्या डेड स्पेसने, म्हणजे त्यात अडकून परत श्वासात जाणाऱ्या हवेने, कार्बन डायऑक्साइड चढतो) अशा वेळी ह्युमिडिफायरच हवा.

लहान आयसीयूने सगळ्या बेडना एचएमई ठेवावा आणि हीटर वायरच्या सर्किटसह एक-दोन ह्युमिडिफायर तयार ठेवावेत, असं मला वाटतं. सक्शनला (कफ ओढून काढताना) कफ चिकट येऊ लागला किंवा सक्शनची नळी, म्हणजे कॅथेटर, अडू लागला, तर त्याच पाळीत फिल्टर काढून ह्युमिडिफायर जोडा; सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.