हातच्या गिटारला पॉलिश कशाचं? तेल, चपडा, लॅकर, मेलामाइन आणि पीयू

स्वतः इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतलेले मित्र मला बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर फोन करतात. बॉडी कापून झालेली असते, कडा गोल केलेल्या असतात, नेक खाचेत घट्ट बसलेला असतो, आणि मग विचारतात, "आता पॉलिश कशाचं करू?" हा प्रश्न खरं तर लाकूड घेतानाच विचारायला हवा. माझ्या हिशेबात सुतारकामाला जेवढे दिवस लागतात तेवढेच पॉलिशला लागतात, आणि लॅकर असेल तर त्याच्या दुप्पट. चुकाही इथेच जास्त होतात. तरी हातातलं लाकूड पहिल्यांदा "गिटार" दिसू लागतं तेही याच कामात, म्हणून मला हे काम सगळ्यात प्रिय आहे.

आधी आवाजाचा मुद्दा मिटवतो, कारण त्यावरून लोक नको ते पॉलिश निवडतात. पातळ लॅकरने लाकूड "श्वास घेतं" आणि आवाज खुलतो, असं नेहमी ऐकू येतं. पोकळ अकूस्टिक गिटारच्या पातळ फळीवर जाड थराचा परिणाम होतो, ते मला मान्य आहे. पण साडेचार सेंटिमीटर जाडीच्या भरीव बॉडीवर, जिथे पिकअप तारांचं कंपन चुंबकाने टिपतो, तिथे मला हा फरक कधीच ऐकू आलेला नाही. पिकअप एक मिलिमीटर वर-खाली केला तर मात्र लगेच कळतो. म्हणून निवड करताना हाताला काय बरं वाटतं, डोळ्यांना काय आवडतं, तुमच्याकडे जागा कोणती आहे आणि ओरखडा पडला तर तो तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येईल का, एवढंच बघा. माझ्या लेखी शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

तेल: पहिल्या गिटारला हेच

बंदुकीच्या दस्त्यांसाठी बनवलेलं ट्रू-ऑइल गिटारवाल्यांनी कधीच आपलंसं केलंय. ते मिळालं नाही तर रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, घ्या. कच्चं जवस तेल घेऊ नका, ते दिवसेंदिवस चिकट राहतं. 'बॉइल्ड' तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

कृती सोपी आहे. 320 नंबरपर्यंत सँडपेपर मारा, जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने तेल चोळा, दहा मिनिटांनी जादाचं पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. आठ-दहा हात झाले की ट्रू-ऑइलवर मंद, उबदार चमक येते. ओघळ नाहीत, कॉम्प्रेसर नाही, आणि शेजाऱ्यांना वासही जात नाही. नेकच्या पाठीला तर तेलाइतकं छान काहीच लागत नाही. घामेजला अंगठासुद्धा अडखळत नाही, सरकत राहतो.

पण तेल लाकडाला ढालीसारखं वाचवत नाही. टेबलाच्या कोपऱ्याला लागलं तर खळगा पडणारच. मेपलचा नेक असेल तर दोन-तीन वर्षांत घामाने तो भाग करडा दिसू लागतो. इलाज अर्ध्या तासाचा आहे: तारा काढा, बारीक पेपर मारा आणि तेलाचे दोन हात द्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. गोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि आपोआप आग लागू शकते. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

चपडा: आपल्याच मातीतला

पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिच्यापासून चपडा होतो. त्यात झारखंड अग्रेसर आहे. चपड्याचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि मलमलच्या कापडात कापसाचा बोळा गुंडाळून, हलक्या हाताने गोल-गोल फिरवत थरावर थर चढवायचे. मिरजेला सतारी-तंबोऱ्यांना हे पॉलिश घासताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या हाताची लय आठवेल. बोळा थांबला की तिथेच चिकटतो, म्हणून हात सतत चालता ठेवावा लागतो.

चपड्याची खोली अप्रतिम असते. शिसवी किंवा महोगनीवर तो चढला की लाकडाच्या रेषा आतून पेटल्यासारख्या दिसतात. नवा हात जुन्यात विरघळतो, त्यामुळे दुरुस्तीही दिसत नाही. पण इलेक्ट्रिक गिटार मांडीवर, घामेजल्या हाताखाली तासन्‌तास वाजते. कोपर टेकतो तिथे चपडा मऊ पडतो, आणि दारूचा एखादा थेंब सांडला तर तो भाग विरघळूनच जातो. म्हणून एकटा चपडा मी फक्त घरात वाजणाऱ्या गिटारला देतो.

अस्तर म्हणून मात्र तो जवळजवळ प्रत्येक गिटारला लावतो. सागवान तेलकट असतं, त्यावर लॅकर नीट धरत नाही. लाकूड थिनरने पुसून, मग मेण काढलेल्या चपड्याचे दोन पातळ हात दिले की वरचं काहीही पकडतं. चपडा मेण काढलेलाच हवा. मेणाच्या चपड्यावर पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, सुटून येतो.

नायट्रो लॅकर: जीव लावणारं आणि जीव खाणारं

आपले पॉलिशवाले याला एनसी लॅकर म्हणतात. कपाटांच्या रंगाला आजही 'ड्यूको' म्हटलं जातं, ते नावही याच घराण्यातलं. ड्यूको हे ड्युपाँ कंपनीचं 1920 च्या दशकातलं मोटारींसाठीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर. फेंडर कंपनीने पुढे मोटारींचेच रंग गिटारला दिले आणि अशा खास रंगासाठी ग्राहकाकडून 5 टक्के जास्त घेतले. फिएस्टा रेड हा त्यांतला एक, तो आधी फोर्डच्या थंडरबर्ड गाडीवर होता. गिब्सन आजही नायट्रोच वापरते.

नायट्रोचं कौतुक मी मनापासून करतो. थर पातळ बसतो, प्रत्येक हात आधीच्यात विरघळून एकजीव होतो, आणि दहा वर्षांनी खरचटलं तरी त्या जागी लॅकरचा थेंब सोडून, सपाट करून, चमक परत आणता येते. ते म्हातारंही सुरेख होतं. पांढरा रंग सायीसारखा पिवळसर होतो आणि निळ्यावर हिरवी झाक येते. थंडी-उन्हाच्या फरकाने केसासारख्या चिरा पडतात, त्या काहींना फार आवडतात. रॉरी गॅलहर या आयरिश वादकाच्या 1961 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचा सनबर्स्ट, म्हणजे मध्ये फिकट आणि कडेला गडद होत जाणारा रंग, झिजून बहुतेक सगळं लाकूड उघडं पडलं होतं, आणि त्या गिटारची ओळखच ती झाली.

आता त्रास ऐका. माझी पहिली नायट्रो गिटार मी पुण्यात जुलैमध्ये स्प्रे केली. तिसऱ्या हातानंतर काळी बॉडी डोळ्यांदेखत दुधासारखी पांढरी पडली. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी थरातच अडकतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे एका कोरड्या दिवशी रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका फवारा मारल्यावर ते पाणी निघून काळा रंग परत आला. तेव्हापासून जूनच्या पहिल्या सरीपासून दसऱ्यापर्यंत मी लॅकरचा डबा उघडत नाही. कोकणात राहत असाल तर हा काळ आणखी लांबवा.

दहा-बारा हात झाले की थांबायचं, आणि हे थांबणंच सगळ्यात अवघड आहे. लॅकर हाताला सुकं लागतं, पण आतून आकसत असतं. मी किमान चार आठवडे बॉडी टांगून ठेवतो. नाकाला वास येईनासा झाला की वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर, हातात घ्यायचा. घाई केली तर आज आरशासारखी दिसणारी बॉडी दोन महिन्यांनी लाकडाच्या छिद्रांबरोबर खाली बसते आणि चमकेत खडबड उमटते. महोगनी, अ‍ॅश, सागवान अशा उघड्या छिद्रांच्या लाकडात आधी छिद्रं नीट भरली नसतील तर हे हमखास होतं.

मग घासणं. माझ्या दुसऱ्या सनबर्स्टला मी खालच्या शिंगाच्या (नेकशेजारी पुढे आलेल्या बॉडीच्या टोकाच्या) कडेवर 1000 चा वॉटर पेपर फिरवत होतो. पेपरावरचं पाणी दुधाळ असेल तर तुम्ही वरच्या पारदर्शक थरात आहात. एका क्षणी ते पाणी तपकिरी झालं. कडेवर थर नेहमी पातळ असतो, आणि माझ्या दोनच फेऱ्या जास्त झाल्या होत्या. बोटाच्या पेराएवढं उघडं लाकूड दिसलं तेव्हा पोटात खड्डा पडला. बारीक ब्रशने रंग भरून, पुन्हा पारदर्शक हात देऊन, आणखी तीन आठवडे थांबलो. आज ती जागा मलाही शोधावी लागते. नायट्रोचा सगळा जाच मी याचसाठी सोसतो.

काही बारीक सवयी लावून घ्या. ओल्या घासण्याआधी स्क्रूच्या भोकांत मेण भरा, नाहीतर पाणी आत जाऊन लाकूड फुगतं आणि भोकाभोवती लॅकर फुटतं. स्क्रू बसवण्याआधी भोकाची कड किंचित उतरती करा, म्हणजे लॅकर उचललं जात नाही. तयार गिटार रबरी स्टँडवर ठेवू नका, रबरातली रसायनं लॅकर मऊ करतात. आणि सँडिंग सीलर, म्हणजे लॅकरखालचं घासता येणारं अस्तर, स्वस्त आहे म्हणून जाड चढवू नका, तो मऊच राहतो.

लॅकर पेट घेतं, म्हणून काम उघड्यावर, गॅस-निरांजनापासून लांब. वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क लावा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही.

मेलामाइन

फर्निचरवाल्यांचं हे दोन भागांचं पॉलिश गिटारवाले सहसा विचारात घेत नाहीत, आणि ही चूक आहे. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 मध्ये वडिलांबरोबर घरी बनवायला घेतलेली 'रेड स्पेशल', जिचा नेक शेकोटीच्या जुन्या महोगनीतून काढला, तिच्यावर रस्टिन्स कंपनीचं प्लॅस्टिक कोटिंग आहे. तेही असंच आम्लाने कडक होणाऱ्या जातीचं. मेलामाइन एक-दोन दिवसांत कडक होतं, घामाला आणि गरम कपाला दाद देत नाही. वास डोळ्यांत झोंबतो, कारण फॉर्माल्डिहाइड सुटतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळा, अंदाजाने टाकलं तर थर तडकतो. एकदा कडक झालं की नवा हात जुन्यात विरघळत नाही, त्यामुळे ओरखड्याची दुरुस्ती नायट्रोसारखी लपत नाही.

पीयू

काचेसारखा खोल, जाड, वर्षानुवर्षं तसाच राहणारा थर हवा असेल तर पीयूला तोड नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फेंडरनेही नायट्रो सोडून जाड, टणक पॉलिएस्टर धरलं. तेही आपल्या पीयूसारखंच एकदा कडक झालं की न विरघळणारं. पण दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरची हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय घरी पीयू स्प्रे करू नका. बूथ असलेल्या फर्निचर किंवा गाड्यांच्या पेंटरकडे द्या.

देताना तयारी स्वतः करून द्या. मी एकदा एका पेंटरकडे बॉडी तशीच सोपवली. चमक सुंदर आली, पण नेकच्या खाचेतही पीयूचे चार थर बसले होते. घरी नेक बसवताना कडेचा टवका उडाला आणि तो आजही दिसतो. आता मी खाचेत मापाचा लाकडी ठोकळा स्क्रूने बसवून देतो. खाच कोरी राहते आणि बॉडी टांगायलाही तोच दांडा होतो. कागदी टेप मात्र पेंटर उतावीळपणे काढतात.

पाण्यावर चालणारं लॅकरही मिळतं. वास जवळजवळ नसतो, फ्लॅटमध्ये लहान मुलं असतील तर विचार जरूर करा. पाण्याने लाकडाची लव उभी राहते, म्हणून आधी ओलं फडकं फिरवून, सुकवून, पेपर मारून घ्यावा. चमक मला थोडी थंड, निळसर वाटते. चपड्याचा एक हात खाली दिला की ऊब येते.

कोणी काय घ्यावं

पहिली गिटार असेल, फ्लॅटमध्ये राहत असाल आणि दोन आठवड्यांत वाजवायची असेल तर बॉडीला आणि नेकला ट्रू-ऑइल. रंग दिसायलाच हवा असेल तर तेलाआधी लाकडाला स्टेन लावा. दर आठवड्याला बँडमध्ये वाजवता आणि ओरखड्यांची चिंता नको असेल तर बॉडी मेलामाइन किंवा बाहेरून पीयू, नेक तेलाचा. ही जोडी मला व्यवहारात सर्वात जास्त पटली आहे. गच्ची किंवा अंगण आहे, दिवाळी ते मे हा काळ मोकळा आहे, आणि चार आठवडे कशालाही हात न लावता बसण्याचा संयम आहे, तर नायट्रो घ्या आणि अर्धवट सोडू नका.

काहीही निवडलंत तरी बॉडी कापताना उरलेला त्याच लाकडाचा एक तुकडा टाकू नका. त्यावर अस्तरापासून बफिंगपर्यंत सगळे टप्पे बॉडीच्या एक दिवस आधी करा. बफ झाल्यावर तो ट्यूबलाइटखाली तिरका धरा. नळीचं प्रतिबिंब कडेपर्यंत सरळ गेलं, कुठे थरथरलं नाही, की बॉडी हातात घ्या. माझ्या कपाटात असे अकरा तुकडे आहेत, प्रत्येकाच्या मागे तारीख आणि हातांची संख्या पेन्सिलीने लिहिलेली. नवीन गिटार सुरू करताना मी आधी तेच बाहेर काढतो.