डिजिटल सातबारा: वर्षभरात 13 उतारे काढल्यानंतर

पोर्टल कसं उघडायचं, विभाग-जिल्हा-तालुका कसं निवडायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे ते सोडून देतो. फुकटातला उतारा फक्त बघण्यापुरता आणि 15 रुपयांचा डिजिटल सहीचा कामाला चालतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. मी लिहितोय ते एका ओळीमुळे. आमच्या निफाड तालुक्यातल्या सव्वा हेक्टरच्या उताऱ्यावर, इतर अधिकार या रकान्यात, ती ओळ अशी होती: तगाई 900 रुपये.

72 च्या दुष्काळात आजोबांनी विहीर खोदायला ही तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, काढली होती. फेडली त्यांनीच, द्राक्षबाग आमच्या शिवारात यायच्याही आधी. आजोबा गेले, वडील गेले, विहिरीला दोनदा आडवे बोअर मारून झाले, तरी तगाई जिवंतच. हस्तलिखित उताऱ्यावरून ती जशीच्या तशी संगणकावर चढली. संगणकाला काय, लिहिलेलं दिसलं की घेतलं.

गेल्या जानेवारीत ठिबकसाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्या ओळीवर पेन ठेवलं आणि म्हणाले, "आधी सरकारी बोजा उतरवून आणा." मी म्हटलं, अहो, 900 रुपये आहेत, आत्ता देतो खिशातून. ते हसले नाहीत.

ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. वारस नोंद, बोजा चढवणे, बोजा कमी करणे, मयताचं नाव कमी करणे, सगळं. इंदिरानगरमध्ये बसून रात्री दहा वाजता अर्ज टाकला, पोच मिळाली. खूश झालो. त्या वेळी हे लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

तिसऱ्या आठवड्यात तलाठी भाऊसाहेबांचा फोन आला. (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय!) "बेबाकी दाखला जोडा." कोणाचा दाखला? तहसीलचा. कर्ज दिलं कोणी? तहसीलनेच. म्हणजे मी कर्ज देणाऱ्याकडेच जाऊन म्हणायचं की माझं तुमच्याकडे काही देणं नाही असं लिहून द्या, आणि मग तो कागद त्याच्याच दुसऱ्या टेबलावर ठेवायचा. आणि दाखला कशाच्या जोरावर देणार? पावतीच्या. पावती वाळवीने खाल्लेली.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला. ओळ गेली का, हे बघायला दर महिन्याला 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढत राहिलो. फुकटच्या उताऱ्यावरही तीच ओळ दिसते, हे चुलतभावाने सांगितलं तेव्हा सात उतारे झाले होते. तालुक्याच्या गावी एका केंद्रावर याच उताऱ्याचे 100 रुपये घेतात, म्हणून माझे 105 गेले तरी मी स्वतःला शहाणाच समजत होतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. नव्या नमुन्याच्या उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक, त्याची तारीख आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही, हे छापून येतं. पूर्वी हे कळायला तलाठी कार्यालयाची पायरी झिजवावी लागायची, आणि साहेब हमखास पंचनाम्याला गेलेले असायचे. आता "प्रलंबित फेरफार: नाही" असं वाचलं की आपल्या अर्जाचं काहीच झालेलं नाही, हे घरी बसून कळतं. वाईट बातमीच, पण 80 रुपयांचं पेट्रोल वाचतं.

जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन ठेवण्याच्या कामात नाशिक जिल्हा पहिल्या काही जिल्ह्यांतच आहे. त्यात शोधून तगाई चढवल्याचा जुना फेरफार सापडला. बोरूने लिहिल्यासारखं अक्षर, आजोबांचा अंगठा. ते पान दहा मिनिटं बघत बसलो. उतरवल्याचा फेरफार मात्र तिथे नाहीच. म्हणजे पैसे घेतले, नोंद घ्यायची राहिली.

आणि इथे माझं मत बदललं. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. आधी मयत खातेदारांच्या वारस नोंदी, आणि पुढच्या टप्प्यात तगाई, बंडिंगचे (बांधबंदिस्तीचे) बोजे, सावकारी कर्ज, एकुम्याच्या (एकत्र कुटुंब मॅनेजरच्या) नोंदी अशा कालबाह्य ओळी काढायच्या. ही यादी वाचून मला हसूच आलं. म्हणजे आमच्यासारखी घरं गावोगाव होती. मी अर्जाचा पिच्छा सोडला आणि भाऊसाहेबांना मोहिमेत आमच्या जमिनीचा गट घ्यायला सांगितलं. मी आठ महिने दाखल्यासाठी फिरलो, आणि इथे दाखल्याचं नावही निघालं नाही. फेरफार धरला, हरकतीचे 15 दिवस गेले. ते 15 दिवस मी 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचनाफलकावर रोज नोटीस बघत होतो, जणू कोणी येऊन म्हणणार होतं की थांबा, ती 900 रुपयांची तगाई आम्हाला हवीय. मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलं. ओळ गेली.

पुढचं काय? जमीन मोजणीचं काम रोव्हरवर (उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणाऱ्या यंत्रावर) चाललंय, मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, म्हणजे क प्रतीवर, अक्षांश-रेखांश येतात, हे आवडलं. नियमित मोजणी दोन हेक्टरपर्यंत 2000 रुपये, घाई असेल तर 8000. आणि एकत्र कुटुंबाची नोंदणीकृत वाटणी असेल तर पोटहिस्स्याला 200. हे 200 वाचून चुलतभावाने लगेच फोन केला, "दादा, आता वाटून घेऊ." मी म्हटलं, आधी बांधावरचं आंब्याचं झाड कोणाचं ते ठरव. रोव्हर तेवढं सांगणार नाही.

डिसेंबर 2025 मध्ये सरकारने लेखी स्पष्ट केलं की 15 रुपयांच्या डिजिटल उताऱ्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. तसा उतारा घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी उतारा उलटसुलट केला, पडताळणी क्रमांक टाकून पाहिला, आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एक शिक्का मारून आणलात तर बरं." या वेळी मीही हसलो नाही. कर्ज झालं, शिक्क्याविना.

तारे द्यायचे तर साडेतीन. अर्धा कापला तो एका वेगळ्याच कारणासाठी. पोर्टलवरच्या खात्यात 200 रुपये भरले होते, 13 उताऱ्यांचे 195 झाले. उरलेले 5 रुपये तिथेच पडून आहेत. त्यात काही निघत नाही, आणि ते काढून घ्यायचे कसे, हे मला अजून सापडलेलं नाही.